मांजराला तूप चालतं का? आणि जवस, खोबरेल, बांगडा?

मांजर पाळणाऱ्यांच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डोकावलं की एक प्रश्न हमखास सापडतो. मांजराचे केस गळतायत, अंगावरची चमक गेलीय, जेवणात चमचाभर जवसाचं तेल घालू का? खाली सल्ल्यांची रांग लागते. जवस नको, घाण्याचं खोबरेल घाल. खोबरेल कशाला, घरचं साजूक तूप घाल, आमच्या आजीच्या मांजरी दूधभात-तुपावर वाढल्या. एखादा ऑलिव्ह ऑइल सुचवतो. हेतू सगळ्यांचा चांगला असतो, आणि आपल्याला जे तेलतूप चांगलं ते मांजरालाही चांगलंच, हे सगळ्यांनीच धरून चाललेलं असतं.

घाईत असाल तर उत्तर एवढंच. तूप मांजराला विष नाही, बोटावरचं चाटलं तर काही बिघडत नाही. पण मांजराला ज्या स्निग्ध पदार्थांची खरी गरज असते ते जवस, खोबरेल, ऑलिव्ह यांतून मिळत नाहीत. ते मिळतात कोंबडीच्या मांसातून, अंड्याच्या बलकातून, बांगड्यासारख्या तेलकट माशातून. असं का, हे कळलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

उंदीर हाच डबा

नोकरीसाठी एकटा राहणारा माणूस वर्षानुवर्षं डबा लावून जेवत असेल तर त्याच्या स्वयंपाकघरात काय उरतं? चहाचं पातेलं आणि गाळणी. पोळपाट-लाटणं नाही, कुकरची रिंग कधीच हरवलेली. डबा वेळेवर येतोय तोवर त्याचं काही अडत नाही. मांजराच्या शरीराचं तेच झालंय. लाखो वर्षं ते उंदीर, पाखरं, सरडे खात आलं. त्या उंदराने दाणे, गवत, किडे खाऊन, पचवून, त्यांतून लागणारी जीवनसत्त्वं आणि आम्लं आपल्या शरीरात आधीच तयार केलेली असतात. मांजराला ती आयती मिळतात. त्यामुळे ती स्वतः तयार करण्याची यंत्रणा मांजराच्या शरीरात एकेक करून बंद पडत गेली.

गाजर आपण खातो तेव्हा त्यातल्या बीटा कॅरोटीनपासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. मांजराला ते जवळजवळ जमत नाही, त्याला अ जीवनसत्त्व तयारच लागतं आणि ते फक्त प्राण्यांच्या शरीरात असतं. उन्हात बसलं की आपल्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं, मांजराच्या होत नाही. (गॅलरीत तासन्‌तास ऊन खात पडलेलं मांजर केवळ सुखासाठी पडलेलं असतं.) टॉरिन नावाचं अमिनो आम्ल आपण स्वतः बनवू शकतो, मांजर गरजेपुरतं बनवू शकत नाही. टॉरिन कमी पडलं की डोळ्याचा पडदा झिजतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय फुगतं.

टॉरिनची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. १९७५ च्या सुमारास संशोधकांच्या लक्षात आलं की केसिनवर, म्हणजे दुधातल्या प्रथिनावर, ठेवलेल्या मांजरांचे डोळे जातायत आणि त्याचं मूळ टॉरिनच्या कमतरतेत आहे. मग १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी दाखवलं की मांजरांमध्ये तेव्हा सर्रास आढळणाऱ्या हृदयविकाराचं कारणही तेच आहे. यातली काही मांजरं बाजारातलं, चांगल्या नावाचं खाद्य खात होती. टॉरिन दिल्यावर त्यांची हृदयं सुधारली. त्यानंतर खाद्यातलं टॉरिन वाढवलं गेलं आणि हा आजार एकदम कमी झाला. दूध-पोळीवर मांजर जगतं असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

मग जवसाचं काय होतं?

आता स्निग्ध पदार्थांकडे येऊ. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. एक, ऊर्जा. ती कुठल्याही तेलातुपातून मिळते. दुसरी, काही विशिष्ट मेदाम्लं (फॅटी अ‍ॅसिड). ती शरीराच्या पेशींची बांधणी, त्वचा, मेंदू, सूज आटोक्यात ठेवणं अशा कामांना लागतात आणि ती नेमकी तीच लागतात.

करडई, सूर्यफूल, शेंगदाणा या तेलांत लिनोलेइक आम्ल असतं. आपलं शरीर त्यावर प्रक्रिया करून अ‍ॅराकिडोनिक आम्ल बनवतं. मांजराला हे पुरेसं करता येत नाही, कारण त्यासाठी लागणारं एक विकर (एन्झाइम) त्याच्या शरीरात नावापुरतंच काम करतं. १९७५ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हे पहिल्यांदा स्पष्टपणे मांडलं गेलं. मांजराच्या त्वचेला लिनोलेइक आम्ल लागतंच, त्याबद्दल वाद नाही. पण अ‍ॅराकिडोनिक आम्ल त्याला तयारच मिळायला हवं, आणि ते वनस्पती तेलात नसतं. मांस, अंडं, मासे यांतच असतं.

जवसाची तर आणखी एक पायरी चुकते. जवसातलं ओमेगा-३ हे वनस्पतींमधलं ओमेगा-३ असतं. ज्या ओमेगा-३ चं इतकं कौतुक होतं ती ईपीए आणि डीएचए ही वेगळी रूपं आहेत. एकाचं दुसऱ्यात रूपांतर माणसातही जेमतेमच होतं, मांजरात जवळपास नाहीच. म्हणजे जवसाची चटणी तुम्ही खाताय ती खुशाल खा, मांजराच्या वाटीत घातलेला चमचा मात्र त्याला फक्त कॅलरी देऊन जातो. जास्त झाला तर पातळ शी.

खोबरेल तेलात जवळजवळ सगळी संपृक्त (सॅच्युरेटेड) मेदाम्लंच असतात. लिनोलेइक जेमतेम, अ‍ॅराकिडोनिक शून्य. त्यातल्या मध्यम लांबीच्या मेदाम्लांची चव बऱ्याच मांजरांना मुळात आवडत नाही, घातलं की ती वाटीकडे पाठ फिरवतात. ऑलिव्ह ऑइल म्हणजे महागडी ऊर्जा. तूप हेही मुख्यतः ऊर्जाच, पण प्राण्यापासून आलेलं, आणि कढवताना लॅक्टोज निघून गेलेलं असल्यामुळे दुधासारखं पोट बिघडवत नाही. या चौघांत मला तूपच सगळ्यात निरुपद्रवी वाटतं. निरुपद्रवी म्हटलं, औषधी म्हटलेलं नाही.

आणि एक गंमत. आपण तेलं बदलतो, तुपाला घाबरतो, ते कोलेस्टेरॉल आणि रक्तवाहिन्यांच्या भीतीने. मांजराच्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल, आपल्या रिपोर्टमध्ये ज्याला ‘चांगलं’ म्हणतात त्या एचडीएलच्या रूपात असतं. रक्तवाहिन्यांत चरबी साचून हार्ट अटॅक येणं हा प्रकार मांजरांत क्वचितच दिसतो. स्निग्ध पदार्थ पचवण्यातही मांजर पटाईत आहे. कुत्र्याने लग्नाच्या पंगतीतलं तुपकट खरकटं खाल्लं तर स्वादुपिंडाला सूज येण्याची धास्ती असते, मांजरात तसा थेट संबंध दिसलेला नाही. मांजरांना आपलं खाणं आपण निवडू दिलं तर ती काय निवडतात यावर २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांची पसंती साधारण अशी निघाली: ५२ टक्के ऊर्जा प्रथिनांतून, ३६ टक्के स्निग्ध पदार्थांतून आणि पिष्टातून जेमतेम १२ टक्के. तेव्हा ‘हेल्दी फॅट’ हे आपल्या किराणामालाच्या पाकिटावरचं बिरुद मांजराला लावण्यात फारसा अर्थ नाही. मांजराला चरबीचं वावडं नाही. ती प्राण्याची हवी आणि बेताची हवी, एवढंच.

बेताची म्हणजे किती?

खरी मेख इथे आहे. चार किलोच्या, नसबंदी झालेल्या, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मांजराला दिवसाला ढोबळमानाने २०० कॅलरी पुरतात. पशुवैद्य सांगतात की वरचं खाणं, म्हणजे पूर्ण आहाराव्यतिरिक्त लाडाने दिलेलं काहीही, दिवसाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावं. म्हणजे २० कॅलरी.

आता आपला चहाचा छोटा चमचा घ्या. त्यात पाच ग्रॅम तूप मावतं आणि त्याच्या ४५ कॅलरी होतात. मांजराच्या दिवसाच्या गरजेचा पाव हिस्सा, जरासा कमी. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाने दहा चमचे तूप वरून खावं, तसं हे झालं. म्हशीच्या दुधाची छोटी वाटी, १०० मिलीची, शंभर-एक कॅलरींची असते. अर्ध्या दिवसाचं जेवण तिथेच उरकलं, आणि ते मांजराला जेवण वाटतही नाही. चीजची एक स्लाइस साठेक कॅलरींची, वर मीठ वेगळं.

वीस कॅलरी म्हणजे काय दिसतं हे डोळ्यांसमोर असू द्या: उकडलेल्या कोंबडीचे बोटाच्या पेराएवढे दोन-तीन तुकडे, किंवा उकडलेल्या अंड्याचा पाव भाग, किंवा वाफवलेल्या बांगड्याचा एक मोठा घास. तूप द्यायचंच असेल तर चमच्याच्या टोकावर येईल तेवढं.

चार किलोचं मांजर पाच किलोचं झालं तर घरात कोणाच्या लक्षातही येत नाही, उलट ‘गुबगुबीत झालंय’ म्हणून कौतुक होतं. साठ किलोचा माणूस पंच्याहत्तरचा होण्यासारखं आहे ते. जाड मांजरांत मधुमेह आणि सांधेदुखी वाढते, आणि पाठीचा मागचा भाग चाटायला तोंड पोचेनासं झालं की तिथलेच केस राठ, गुंतलेले, कोंडा धरलेले दिसतात. मग चमक यावी म्हणून आणखी तूप!

तूप मांजर एवढं आवडीने का चाटतं, असं कोणी विचारेल. गोडासाठी नक्की नाही. जिभेवर गोड चव टिपणाऱ्या ग्राहकाचा (रिसेप्टरचा) एक जनुक मांजरात निकामी झालेला आहे, हे २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं. आइस्क्रीमच्या वाटीला तोंड घालणारं मांजर साखरेसाठी नव्हे, त्यातल्या स्निग्धपणासाठी येतं. मांसाची ‘उमामी’ चव मात्र त्याला पक्की कळते, आणि २०२३ साली आलेल्या संशोधनानुसार टूना माशात त्या चवीची रेणूंची जोडगोळी नेमकी मांजराच्या जिभेला भावेल अशी असते. टूनाचा डबा उघडल्याचा आवाज आला की तिसऱ्या खोलीतून धावत का येतं, ते यावरून लक्षात येईल.

आजीच्या मांजरी

दूध-भातावर वाढलेल्या आजीच्या मांजरींचं काय, हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्या मांजरी जगल्या हे खरं आहे. पण त्या रात्री कुठे असत? माळ्यावर, गोठ्यात, धान्याच्या कोठीपाशी. दिवसा दूध-भात आणि रात्री उंदीर, पाल, चिमणीचं पिलू. वाटीतला दूध-भात ही तोंडीलावणी होती, जेवण बाहेर व्हायचं. टॉरिन, अ‍ॅराकिडोनिक, अ जीवनसत्त्व, सगळं त्या उंदरांतून येत होतं. आणि ज्या पिल्लांचं भागलं नाही ती कुठे गेली याची नोंद कोणी ठेवली नाही.

जाळी लावलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये उंदीर येत नाही. तिथे वाटीत जे पडेल तेवढंच. म्हणून आज हाच दूध-भात अपुरा ठरतो. त्यात भर दुधाची. मोठ्या मांजरांत दुधातलं लॅक्टोज पचवणारं विकर कमी होत जातं, त्यामुळे बऱ्याच मांजरांना दुधाने पातळ शी होते. काहींना काही होत नाही, त्यांनी दोन चमचे प्यायलं तर प्यावं. अनाथ पिल्लाला मात्र गाईचं दूध नको. मांजरीच्या दुधात त्याच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात, म्हणून पिल्लांसाठीची वेगळी दूध पावडर मिळते ती आणावी.

मसाला लावण्याआधी

ताटातलं मांजराशी वाटून खायचं असेल तर माझ्या मते एकच सवय लावून घेतली तरी पुरे: मांजराचा वाटा मसाल्याच्या आणि फोडणीच्या आधी बाजूला काढायचा. जेवून झाल्यावर रश्श्यात भिजलेला भात आणि हाडं वाटीत ओतायची नाहीत.

कारण कांदा आणि लसूण. कांद्यातली गंधकाची संयुगं तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतात. मांजराच्या हिमोग्लोबिनमध्ये अशा हल्ल्याला बळी पडणाऱ्या जागा माणसापेक्षा कितीतरी जास्त असतात. पेशी आतून खराब होतात, फुटू लागतात आणि अंगातलं रक्त कमी होतं. किलोमागे पाच ग्रॅम कांदा एवढ्या प्रमाणाला मांजराच्या रक्तात बदल दिसलेले आहेत. चार किलोच्या मांजराला हे होतात वीस ग्रॅम, म्हणजे मध्यम कांद्याचा पाव भाग. लसूण त्याहून तीव्र. शिजवल्याने, तळल्याने हे कमी होत नाही, आणि वाळवून पूड केली तर उलट दाट होतं. आता कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्याची बरणी डोळ्यांसमोर आणा. शिवाय वाटणात भाजलेला कांदा, आलं-लसणाची पेस्ट, वर रश्श्यात फोडणीचा कांदा. चिकनचा तुकडा धुऊन दिला तरी त्यात मुरलेलं निघत नाही.

त्रास त्याच दिवशी दिसत नाही, ही आणखी अडचण. दोन-चार दिवसांनी मांजर सुस्त पडतं, हिरड्या फिकट दिसतात, लघवी गडद तपकिरी होते. तोवर घरात कोणाला रविवारचा रस्सा आठवतही नसतो. डॉक्टरांना आठवून सांगा. जाता जाता एक अन्नाबाहेरची गोष्ट, कारण तिथेही बळी हिमोग्लोबिनचाच जातो: मांजराला ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलची गोळी, अर्धी, पाव, कितीही, देऊ नये. एका गोळीने मांजर मरू शकतं.

बाकी नकोच्या गोष्टी पटकन सांगतो: चॉकलेट, चहा-कॉफी, मनुका-द्राक्षं, दारू, कच्चं कणकेचं आंबवलेलं पीठ. शिजलेली हाडं चिरफाळतात, ती आतड्यात रुततात. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग बायोटिन अडवतो, तेव्हा अंडं उकडूनच.

बांगडा कसा द्यावा

कोकणात आणि गोव्यात मांजराला मासे नको म्हणणं म्हणजे वेडेपणा ठरेल, आणि तसं म्हणण्याचं कारणही नाही. बांगडा आणि तारली यांत ईपीए-डीएचए भरपूर असतं, महागड्या कॅप्सूलच्या तोडीस तोड. मासे लहान असल्यामुळे पाऱ्याची भीतीही मोठ्या सुरमईपेक्षा कमी. बांगडा साफ करून त्याची एक तुकडी मीठ-हळद लागायच्या आधी काढा. थोड्या पाण्यात वाफवा. गार झाल्यावर मधला काटा उचलून काढा आणि उरलेला मांसल भाग दोन बोटांत चुरगाळत जा, बोटाला टोचेल तो बारीक काटा काढत जा. तारलीत हे काम कंटाळवाणं होतं, त्यापेक्षा बांगडा बरा. वाफवलेलं पाणी फेकू नका, टॉरिन पाण्यात उतरतं. ते त्याच वाटीत घाला.

आठवड्यातून एक-दोनदा, वरच्या वीस कॅलरींच्या हिशेबात. रोज फक्त मासेच खाणाऱ्या मांजराला दुसरंच दुखणं लागतं. माशाच्या तेलातली असंपृक्त मेदाम्लं पटकन खवट होतात, त्यांना आवरायला ई जीवनसत्त्व खर्ची पडतं. ते संपलं की अंगातल्या चरबीलाच सूज येते. पोटाला, कुशीला कडक गाठी लागतात, उचलून घेतलं की मांजर ओरडतं. अमेरिकेत १९५० च्या दशकात लाल टूनाच्या डब्यांवर वाढवलेल्या मांजरांत हा आजार नीट ओळखला गेला. म्हणून फिश ऑइलच्या कॅप्सूलही मनाने टोचून वाटीत पिळू नयेत, मात्रा पशुवैद्याकडून घ्यावी. कॉड लिव्हर ऑइल तर त्याहून जपून, त्यात अ आणि ड जीवनसत्त्वं असतात आणि दोन्ही साठत जातात.

काही कच्च्या माशांमध्ये ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं थायामिनेज असतं. शिजवलं की ते निष्प्रभ होतं. खारवलेला सुका बांगडा मांजराला देऊ नका, त्यात मिठाचा मारा असतो. उन्हात नुसत्याच वाळवलेल्या बोंबलाचा चिमूटभर तुकडा कधीतरी चालतो.

चिकनचं थोडं वेगळं. पायाच्या गडद मांसात टॉरिन छातीच्या मांसापेक्षा पुष्कळ जास्त असतं, म्हणून मांजरासाठी आपल्याला ‘हेल्दी’ वाटणारं ब्रेस्ट आणण्यापेक्षा लेगपीस बरा. हृदय आणखी चांगलं. कलेजी अधूनमधून, तीही सुपारीएवढी. रोज कलेजीवर ठेवलेल्या मांजराच्या अंगात अ जीवनसत्त्व साठून मानेचे मणके एकमेकांना चिकटल्याची उदाहरणं पशुवैद्यकात जुनी आहेत. अशा मांजराला मान वळवून अंगही चाटता येत नाही. आणि फक्त मांस हाही पूर्ण आहार नव्हे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, उंदराची हाडं तर सोबत येत नाहीत. नुसत्या उकडलेल्या चिकनवर वाढलेलं पिल्लू चांगलं गुटगुटीत दिसतं आणि सोफ्यावरून उडी मारताना त्याचं हाड मोडतं.

कच्चं चिकन का नको, याचं ताजं कारण आपल्या शेजारीच घडलंय. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, आणि त्यानंतर लगेच २०२५ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांत तोच विषाणू सापडला. मांजरकुळाला हा विषाणू फार जड जातो. चिकनच्या दुकानात ‘मांजरासाठी’ म्हणून मिळणारं कातडं, मान, पाय घरी नीट उकडा, आणि हाडं काढा.

शाकाहारी घर आणि पाकिटावरचा एक शब्द

घरात अंडंही येत नसेल तर वाद न घालता पाकिटबंद खाद्य आणणं हा सरळ मार्ग आहे. पनीर, सोया, डाळ यांवर मांजर ठेवणं मला पटत नाही. पाकीट घेताना समोरच्या चित्राकडे पाहू नका, मागे ‘कम्प्लीट’ किंवा ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ लिहिलंय का ते शोधा. जेलीतला टूना, चाटायच्या क्रीमच्या नळ्या यांतल्या बऱ्याच ‘कॉम्प्लिमेंटरी’ असतात, म्हणजे वरचं खाणं. ते त्या वीस कॅलरींतच धरायचं. कुत्र्याचं खाद्य स्वस्त पडतं, पण त्यात टॉरिन मांजराच्या गरजेएवढं असेलच असं नाही.

पूर्ण खाद्यात स्निग्धांश आधीच घातलेला असतो. अमेरिकेच्या आफको या संस्थेच्या निकषांनुसार मोठ्या मांजराच्या खाद्यात पाणी वगळून किमान ९ टक्के स्निग्धांश लागतो, आणि बाजारातल्या बहुतेक पाकिटांत तो याहून जास्तच असतो. त्यावर तेल ओतायची गरज उरत नाही. मग केस का गळतात? बहुतेक वेळा पिसवा, बुरशी, अ‍ॅलर्जी यांमुळे. शेपटीच्या मुळाशी बारीक दातांचा कंगवा फिरवा. काळे कण निघाले तर ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाकून बघा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. त्याला जवस काय करणार! टिश्यू स्वच्छ राहिला आणि केसांची चकत्यांनी गळती असेल तर डॉक्टर गाठा.

केसांच्या गोळ्यासाठी किंवा बद्धकोष्ठासाठी सिरिंजने तोंडात पातळ तूप किंवा तेल ढकलण्याचा घरगुती उपाय तर मुळीच करू नये. मांजर झटका देतं, तेल श्वासनलिकेत उतरतं आणि फुफ्फुसाला सूज येते. चाटवायचं तर बोटावरून, त्याच्या मर्जीने.

एवढं वाचून कोणी उद्यापासून दूध-भात बंद, पाकीट सुरू, खात नसेल तर राहू दे उपाशी, असं ठरवेल, म्हणून हे सांगणं भाग आहे. मांजराला उपाशी ठेवून वळण लावता येत नाही. विशेषतः जाड मांजराने दोन-तीन दिवस खाणं सोडलं की अंगावरची चरबी उसळून यकृतात जाते, यकृत ती हाताळू शकत नाही आणि मांजराला कावीळ होते. जीवही जातो. चोवीस तास काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा. बदल सात ते दहा दिवसांत करा: जुन्या जेवणात नवीन खाद्याचा चौथा हिस्सा, मग अर्धा, मग पाऊण. तोंड फिरवलं तर वाटी गॅसजवळ ठेवून किंचित कोमट करा, चरबीचा वास मोकळा झाला की बरीच मांजरं परत येतात. तरी अडलं तर मीठ-मसाला न घातलेलं चिकन उकडल्याचं पाणी दोन चमचे वरून घाला. मांजर बोटं चाटायला लागलं तर पाणी आवडलंय असं समजा, आणि दुसऱ्या दिवशी त्यात एक चमचा कमी करा.